मराठीचं कार्ड

"मुर्दा ले को आई है बच्ची, और बोलती है नब्ज देखो."

अझीमचाचा फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी दुकानाच्या पायरीवर वाकून सँडलचा बंद सोडत होते, म्हणून त्यांना दिसले नव्हते. बंद सुटला तरी मी वाकलेलीच राहिले. ऐकलं नाही असं दाखवायचं असलं की मी हात कशात तरी गुंतवते. सवय जुनी आहे.

"अगं, चप्पल कशाला काढून राहिलीस?" फोन ठेवता ठेवता ते म्हणाले. "आता कोण काढतं? ये तशीच."

मी काढलीच. कॉम्प्युटरच्या खोलीत पायात काही घालून जायचं नाही, हे मला अक्षरं येण्याच्याही आधी शिकवलेलं होतं. इथून दोन गल्ल्या पलीकडे आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं तेव्हा त्याच्या दारावर पप्पांनी स्वतः छापलेला कागद होता, 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत'. लग्नसराईत त्या कागदाखाली चपलांचा ढीग पडायचा. पत्रिकेचं प्रूफ बघायला एकटं कुणी येत नसे. मुलाचा बाप, थोरला चुलता, कधी उमरीहून, कधी धर्माबादहून आलेला एखादा फेटेवाला आजोबा, आणि नावं वाचायला एक शिकलेला भाचा. शाळेतून आले की मी आधी चपला बघायची आणि आत किती आवाज असेल ते ओळखायची. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं खाली गेलं यावरून पप्पांच्या टेबलापाशी चांगलीच जुंपायची. माझ्याकडे एकच काम असायचं. पत्रिकेवर मधोमध इंग्रजीत एखादा शब्द असला तर तो बरोबर आहे की नाही हे मी सांगायचं. "आमची इंग्रजी शाळेतली बाई बघंल," पप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि मी लाजून मान हलवायची. बाकीच्या पत्रिकेतलं मला धड वाचता यायचं नाही. जोडाक्षर आलं की मी थांबायची.

चाचांच्या दुकानात पुढे आता मोबाइलची कव्हरं लटकतात, चार्जर, कॅमेरे. मागे पडद्याआड मात्र तेच टेबल आहे. जळक्या खुणांनी भरलेलं लाकूड, गोल भिंगाचा दिवा, राळेची डबी. कानावर लेखणी खोचावी तसा स्क्रू-ड्रायव्हर खोचलेले चाचा. त्यांची दाढी पांढरी झालीय, एवढाच फरक.

आणि टेबलावर, उर्दू पेपरवर, तो पडलेला होता. मदरबोर्ड. शाळेच्या पाटीहून जरा मोठा, हिरवा, त्यावर नकाशातल्या नद्यांसारख्या बारीक रेघा. एका बाजूला लांब काळ्या फळ्या, कार्ड बसवायच्या. त्यांच्याजवळ बोटाच्या पेराएवढी बॅटरी, आणि बॅटरीभोवती मोरचुदासारखा निळाहिरवा थर.

"हे बघ." चाचांनी खटका दाबला. पंखा फिरला. त्यांनी तपासणीचं एक छोटं कार्ड फळीत उभं केलं होतं, त्यावर दोन लाल अक्षरं उमटली. एफ एफ.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच न्हाई. बोर्ड बोलत असता तर हे आकडे पळाले असते. हा तोंडच उघडेना."

त्यांनी माझ्याकडे भिंगावरून पाहिलं.

"इतकं काय अडलंय बेटा ह्याच्यावाचून? तुझ्या खिशातल्या मोबाइलमधी असे हजार बसतील."

सांगायला सोपं होतं, पण माझ्याच्यानं ते एका दमात सांगून होत नाही. मागच्या रविवारी मी एवढंच म्हणाले होते, की यात मम्मीचं लिहिलेलं आहे.

*

त्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. पुढचा नवा, गिऱ्हाइकांचा. मागचा जुना, पडद्याआड, मम्मीचा. खरं तर पप्पांनी धंदा सुरू केला तो त्या मागच्यावरच. त्यात एक लांब कार्ड होतं. त्याच्याशिवाय त्या मशीनला मराठी येत नसे. घरात त्याला आम्ही मराठीचं कार्डच म्हणायचो. नव्या मशीनला त्याची गरज नव्हती, आणि नव्या मशीनमध्ये ते बसतही नव्हतं. मग जुनं मशीन मागे गेलं, आणि दुपारी दोननंतर, गिऱ्हाईक ओसरलं की मम्मी त्याच्यापुढे बसायला लागली.

मम्मी लातूरजवळच्या मुरुडची. बारावीनंतर शिकायची राहिली, एवढं एक ती कधीमधी बोलायची, तेही भाजी निवडता निवडता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मशीनसमोर बसण्याआधी ती हात धुवायची. मग कव्हर काढायची. ते कव्हर तिनंच ब्लाउजपिसाचं शिवलेलं होतं, मोरपंखी, कडेला झालर लावलेली. आधी मॉनिटरचं, मग की-बोर्डचं. घड्या घालून ती ते मांडीवर ठेवायची. मग मोठा खटका, आणि मशीन जागं व्हायचं.

त्या जागं होण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आधी पंख्याची घरघर. मग एकच बारीक शिट्टी, पिठाच्या डब्यात पाल चुकचुकावी तशी. मग काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागायचे, टिकटिकटिकटिक, मशीन आपली स्मृती मोजायचं. सगळी मोजून झाली की थांबायचं. मम्मी तेवढा वेळ हात जोडल्यासारखी बसायची. मी तिला एकदा विचारलं, रोज काय मोजतं ते? ती म्हणाली, "सगळं ध्यानात हाय का बघून घेतंय, माय."

भारनियमनाचे दिवस होते. लाइट कधी जाईल सांगता यायचं नाही. गेली की यूपीएस टीं टीं करत ओरडायचा आणि पुढून पप्पांचा आवाज यायचा, "सेव्ह कर गं!" मम्मी प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची. ओळ, सेव्ह. ओळ, सेव्ह. कणकेचा गोळा मळताना मधेमधे पाण्याचा हात लावावा तसं. तापलेल्या धुळीचा वास यायचा, त्यात तिच्या हाताला लागलेला शेंगांच्या टरफलांचा. मी बाजूला फरशीवर पोट टेकून गृहपाठ करायची. फरशी गार असायची.

काय लिहायची ते मला माहीत नाही. "माझं लिहिते," एवढंच म्हणायची.

एका दुपारी तिनं मला हाक मारली. खुर्चीवरून उठली, मला बसवलं. "हे वाच की गं. एवढंच वाच." पडद्यावर मराठीच्या ओळी होत्या, दाट, एकीखाली एक. आमच्या शाळेत मराठी आठवड्यातून तीनच तास असायची आणि वर्गाबाहेर मराठी बोललं की बाईंची भुवई वर जायची. मी पहिली ओळ बघितली. त्यात दोन जोडाक्षरं होती. मी म्हणाले, "मम्मी, आय हॅव होमवर्क." तिला एवढं इंग्रजी कळायचं. "बरं, मग वाच नंतर," ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीवर बसली. खुर्ची माझ्या अंगानं ऊन झाली असेल तेवढीच.

नंतर कधीच झालं नाही.

*

घरमालकांनी दिवाळीनंतर फोन केला होता, जुनं दुकान पाडून गाळे काढणार आहेत, माळ्यावर तुमचं सामान आहे, घेऊन जा. पप्पा लातूरहूनच त्यांना म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाका. मी म्हणाले, मी जाते. लातूरला मी एका क्लासमध्ये इंग्रजी प्रश्नपत्रिकांची प्रूफं तपासते. रविवार मोकळा असतो. माळ्यावर मला ते मशीन सापडलं. मोरपंखी कव्हर उंदरांनी खाल्लेलं होतं, झालर तेवढी शिल्लक होती.

आतली डिस्क मी आधी काढली. आश्चर्य म्हणजे ती चालली. क्लासच्या ऑफिसातल्या एकानं जोडून दिली आणि त्यातली फाइल दिसली. एकच फाइल, माझ्या अंदाजापेक्षा खूप मोठी. उघडली तर चौकोन, प्रश्नचिन्हं, टोप्या घातलेली परकी अक्षरं. ज्या छोट्या कंपनीचं ते मराठी होतं ती कधीच बंद झाली. इंटरनेटवर मिळतील ती सगळी साधनं मी लावून बघितली. एकातून काही शब्द वर आले, बाकी चिखल. 'मुरुड' चार ठिकाणी. 'भुईमूग'. 'सांगणार कोण'. मग पुन्हा चौकोन. त्या चार शब्दांच्या पुढेमागे काय होतं ते बघायला ते कार्ड लागणार होतं, आणि ते कार्ड बसेल असा बोर्ड. एवढ्यासाठी मी मुडदा घेऊन नांदेडला आले होते.

"कार्ड कुठंय पण?" त्या दुसऱ्या रविवारी चाचांनी विचारलं. "फळी तर रिकामी हाय. कार्ड न्हाई तर बोर्ड उठवून काय करायचंय?"

माळ्यावर कार्ड नव्हतं. मशीनच्या डब्याचं झाकण उघडंच होतं, मला वाटलं होतं कुठंतरी पडलं.

"तुझ्या पप्पांला विचार."

मी मान हलवली. पप्पांना मी बोर्डाबद्दल सांगितलंच नव्हतं.

चाचांनी कापसाच्या बोळ्यानं सिरका लावून बॅटरीजवळचा निळा थर पुसायला घेतला. जुन्या टूथब्रशनं हळूहळू. सिरक्याचा आंबट वास पसरला. मला त्यांनी मेमरीच्या पट्ट्या दिल्या आणि खोडरबर. "पिवळे दात घास. सोन्यागत झाले पाहिजेत." मी घासत राहिले. खोडरबराचा भुगा फ्रॉकवर पडायचा तसा ओढणीवर पडत होता. मला बोलावं न लागणारी कामं आवडतात. मध्येच चाचा पुटपुटले, "ह्याला पाणी लागलंय का कधी?"

माझा हात थांबला.

"बॅटरीनं पाणी सोडलंय ते सोडलंच. ह्या बॅटऱ्या सगळ्याच सोडतात, बोर्ड खातात. पण हे इकडं, फळीच्या अंगाला, हे वरनं पडल्यासारखं दिसून राहिलं."

"माळा गळत असेल," मी म्हणाले.

"असंल."

*

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगर-विळ्याची करतो, वाणी तराजूची, पप्पा कॉम्प्युटरची करायचे. म्हणजे करायची मम्मी. सकाळीच दोन्ही मशीन पुसून व्हायची. मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकवाचं बोट, की-बोर्डाला एक, प्रिंटरला एक, माउसला अगदी छोटं. वर झेंडूचं फूल. चार अक्षता. उदबत्ती लांब, दाराशी. मम्मी हे सगळं कोरड्या हातानं करायची, बाहेरून. का ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा शाळेची तयारी करत असायची, वेणीला रिबन लावत.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी मम्मी लातूरला होती, दवाखान्यात. कशानं, किती दिवसांपासून, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. घरात कापराचा वास नव्हता, फोडणीचा नव्हता. सकाळी पप्पांनी मागच्या मशीनचं झाकण काढून आतली धूळ फुंकली होती, तेवढ्यात फोन आला. ते तसेच उठले. शर्टाची बटणं लावत मला म्हणाले, "पूजा तेवढी करून टाक बाई. फूल ठेव, झालं." आणि लातूरची गाडी पकडायला गेले.

मी चपला बाहेर काढून आत गेले. आंघोळ केलेली होती, केस ओले होते. हातात तांब्याचा गडू, ताम्हन, सगळं देवघरातलं. देवघरात पूजा कशी असते ते मला पाठ होतं. आधी पाणी, मग हळद, मग कुंकू, मग अक्षता, मग फूल. मशीन उघडं होतं. आतलं सगळं दिसत होतं, हिरवं, चमकणारं, छोट्या छोट्या देवळांचं गाव वाटावं असं. मला वाटलं, बाहेरच्या डब्याची काय पूजा करायची. जे खरं आहे त्याचीच करावी. मम्मीचं सगळं त्याच्यातच होतं. ती रोज ज्यात सेव्ह करायची ते हेच.

मी फूल पाण्यात बुडवून शिंपडलं. तीनदा. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या, त्या कुठे कुठे आत घरंगळल्या. मग डोळे मिटून जे मागायचं ते मागितलं. इंग्रजीत मागितलं, तेव्हा मला तीच देवाची भाषा वाटायची.

पप्पा दोन दिवसांनी आले. प्रवासाचे कपडेही न बदलता मागे गेले आणि त्यांनी आत न बघताच झाकण वर टेकवून खटका दाबला. फट् असा छोटा आवाज झाला. शिट्टी नाही, आकडे नाहीत. जळक्या कुंकवाचा वास, जो मी ओळखला. मी पडद्यापाशी उभी होते. पप्पांनी मागे न वळता सांगितलं, "व्होल्टेजनं गेला." मग थोड्या वेळानं पुन्हा, जरा मोठ्यानं, "लई कमीजास्त होऊन राहिलंय आजकाल."

त्या थंडीत मम्मी गेली. उन्हाळ्यात आम्ही लातूरला आलो.

*

त्या दुसऱ्या रविवारची संध्याकाळची गाडी लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचली तेव्हा पप्पा टीव्हीपुढे भाकरी खात होते. अलीकडे ते कमी बोलतात; आम्हा दोघांच्या घरात टीव्हीच काय तो बोलतो. मी हात धुतले, ताट घेतलं आणि ताटाकडे बघत म्हणाले, "मी मशीन भंगारात नाही दिलं. अझीमचाचांकडे दिलं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कशाला?"

"फाइल आहे तिची."

बातम्यांत कुठल्या तरी बाजार समितीतले सोयाबीनचे भाव. मग ते उठले, हात धुतले, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. जमिनीचे कागद, मम्मीचं बारावीचं गुणपत्रक, आणि तळाशी मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

"मीच काढून ठेवलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच."

मी फडकं उलगडलं. मराठीचं कार्ड. धूळ नव्हती. सोनेरी दात कुणीतरी घासून ठेवले होते, खोडरबरानं, एकेक. पण दोन दातांच्या मधल्या फटीत, जिथं खोडरबर पोचत नाही, तिथं एक लालसर रेघ होती. दिव्याखाली नीट दिसत होती. मी फडकं पुन्हा गुंडाळलं.

"मी बी येतो पुढच्या रविवारी," पप्पा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

*

गोदावरीच्या पुलावर गाडी आली की नांदेडचा वास येतो, अजूनही. पप्पांनी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. वजिराबादमध्ये आमच्या दुकानाच्या जागी निळी ताडपत्री होती आणि विटांचा ढीग. तिथून ते थोडे भराभर चालले.

"या शेठ!" चाचा उठून उभे राहिले. "कित्ते साल हो गए! पत्रिका छापायला पुण्याला चालले लोक, तुम्ही न्हाईत म्हणून."

"आता मोबाइलवरच धाडतात, चाचा. छापून कोण राहिलंय?" पप्पा हसले. मग पायरीवर थांबले, वाकले आणि चप्पल काढली. चाचा या वेळी काही बोलले नाहीत.

चाचांनी आठवडाभर काम केलं होतं. खाल्लेल्या रेघांवरून त्यांनी केसासारख्या तारा जोडल्या होत्या. फुगलेले दोन भाग बदलले होते. "उम्मीद लावू नका," ते म्हणाले. "मी बी लावून न्हाई राहिलो." त्यांनी खटका दाबला. लाल अक्षरं एफ एफ दाखवून क्षणभर थांबली, आणि मग पळायला लागली.

"बोललं," पप्पा म्हणाले. एकच शब्द, पण तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

चाचांनी बंद करून कार्ड मागितलं. बसवण्याआधी त्यांनी फळीत फुंकर मारली, भिंगातून पाहिलं, बारीक चिमटा आत घातला. "कुछ तो है." चिमट्याच्या टोकाला एक कण वर आला. तांदळाचा दाणा. पिवळट, एका बाजूनं लाल, वाळून काचेसारखा झालेला.

"ये चावल कहाँ से आया?"

"उंदरांनी नेला आसंल," पप्पा लगेच म्हणाले. त्यांनी चिमट्याखाली तळवा धरला. दाणा तळव्यावर पडला. तो ते खाली टाकतील असं मला वाटलं. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला, पेनाशेजारी, आणि खिशावरून एकदा हात फिरवला.

मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

चाचांनी कार्ड बसवलं. जुना जड मॉनिटर जोडला. मी आणलेल्या डिस्कची तार जोडली. खटका.

घरघर. शिट्टी. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले.

टिकटिकटिकटिक. मी हात जोडल्यासारखे धरले होते, हे मला नंतर कळलं. पप्पा पडद्याकडे इतके वाकले होते की आकड्यांचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पळत होता. सगळं ध्यानात आहे का बघून घेत होतं. अर्ध्यावर आलं, अर्ध्याच्या पुढे गेलं, आणि थांबलं. आकडा तसाच राहिला. दोन सेकंद, चार सेकंद. मग पडदा विझला. बोर्डाच्या कोपऱ्यातून धुराची एक बारीक रेघ वर आली, उदबत्तीची असते तेवढीच.

चाचांनी तार ओढली.

त्यांनी नंतर अर्धा तास धडपड केली. मेमरी बदलली, तारा तपासल्या, मीटर लावला. शेवटी चष्मा काढून ठेवला. "गया. आतला थर जळाला. आता तारेचं काम न्हाई." हैदराबादला एकजण असले बोर्ड ठेवायचा, त्याला त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, भाई, ते कधीच भंगाराच्या काट्यावर घालून विकले.

राळेचा वास होता, सिरक्याचा, जळक्याचा. पुढच्या बाजूला कुणीतरी मोबाइलची काच बदलायचे किती म्हणून विचारत होतं. चाचांनी कार्ड काढून मलमलमध्ये गुंडाळलं आणि पप्पांच्या हातात दिलं. ते आता कुठल्याच मशीनमध्ये बसणार नव्हतं. मी मनात ते चार शब्द म्हणून बघितले. तेवढेच होते. मुरुड. भुईमूग. सांगणार कोण.

"बॅटरीनंच खाल्ला हा," चाचा माझ्याकडे बघत, समजावल्यासारखं म्हणाले. "तुम्ही वेळेवर आणला असता तरी हेच झालं असतं. ह्यात कुणाची चूक न्हाई बेटा."

"बॅटरी न्हाई," पप्पा म्हणाले. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता. "व्होल्टेजनं गेला हा. मी तवाच म्हणलं होतं. लई कमीजास्त व्हायचं तेव्हा."

सतरा वर्षं त्यांनी ते वाक्य माझ्यासाठी सांभाळलं होतं, कार्डासारखं, फडक्यात. मी टेबलावरचा खोडरबराचा भुगा बोटानं गोळा करत होते. मग हात थांबवला.

"व्होल्टेज नव्हतं, पप्पा," मी म्हणाले. "पाणी मी शिंपडलं होतं. आणि त्याच्या आधी मम्मी वाच म्हणाली होती, तेव्हा मी वाचलं नाही."